कापड घ्यायला मंगलदासला जाताय? त्याआधी हा भाग

(भागाचं लिखित रूप. बोलणं शक्यतो तसंच ठेवलंय, फक्त मधले "अं…" आणि चहाचे घोट काढून टाकलेत.)

इअरफोन कानात आहेत ना? मग चला, आज बाजारात जाऊ.

आजचा भाग एका मेसेजवरून सुचला. एका श्रोत्या मैत्रिणीने लिहिलंय: "ताईचं लग्न आहे. मी वर्षभर क्लास लावून मशीनवर शिवायला शिकलेय. ताईच्या हळदीला घालायचा माझा घागरा मी स्वतः शिवणार आणि आईला खणाचा ब्लाऊजही मीच शिवून देणार, असं घरात सांगून बसलेय. हातात पाच हजार आहेत. क्रॉफर्ड मार्केटला एकटीने कधी गेले नाही. तिथे मला गंडवतील का?"

हा प्रश्न फक्त पाच हजारांचा नाही, बरं का. घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय. कापड चुकलं तर पुन्हा आणायला ना वेळ, ना पैसे. आणि रेडीमेड घेतला असता तर बरं झालं असतं, हे कोणीतरी बोलणारच. म्हणून आज जरा खोलात जाऊ. तुम्ही घागरा शिवणारे नसाल, नुसता शर्ट शिवायला टाकणार असाल, तरी हे तुमच्या कामाचं आहे.

कुठला बाजार कशासाठी

लोक सरसकट "क्रॉफर्डला कापड मिळतं" म्हणतात. क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे आताची महात्मा जोतिबा फुले मंडई, ही १८६९ ची इमारत. ती मुळात फळं, भाजी, मसाल्याची मंडई. कापडासाठी तिच्या समोरून शेख मेमन स्ट्रीटला लागायचं. जुम्मा मशिदीच्या आसपास आलात की मंगलदास मार्केट. छपराखाली गल्ल्याच गल्ल्या आणि प्रत्येक गल्लीत हातभर रुंदीची दुकानं. इथे सुट्टं कापड मिळतं, म्हणजे तुम्हाला अडीच मीटर हवं तर अडीच मीटर कापून देतात. तुमच्याआमच्यासारख्यांसाठी हाच बाजार.

तसंच झवेरी बाजाराकडे पुढे गेलात की मुळजी जेठा मार्केट. तो घाऊक व्यवहार. तिथे पांढऱ्या गादीवर बसून ताक्यांचे सौदे होतात. ताका म्हणजे कापडाचा अख्खा गठ्ठा, जसा गिरणीतून किंवा मागावरून येतो तसा. तिथे जाऊन "काका, दोन मीटर द्या ना" म्हटलंत तर रागावणार नाहीत कदाचित, पण देणारही नाहीत. उद्या तुम्ही बुटीक काढलंत, एकाच कापडाचे चाळीस कुर्ते शिवायचे ठरवलेत, तेव्हा तिकडे जा.

आणि लेस, गोटा, लटकन, बटणं, टिकल्या, पायपिंग, दोऱ्या ह्या सगळ्या वरकामाच्या सामानासाठी भुलेश्वर. मंगलदासपासून चालत जायचं, मुंबादेवीच्या बाजूने. गर्दी इतकी की गुगल मॅपने दाखवलेल्या वेळेच्या दुप्पट धरा. वाटेत डोक्यावर गाठी घेतलेले, हातगाडी ओढणारे माथाडी "साइड, साइड" ओरडत येतील, तेव्हा फोन खिशात टाकून आधी बाजूला व्हा. ह्या लोकांच्या खांद्यावर हा अख्खा बाजार चालतो. त्यांच्यासाठी महाराष्ट्राने १९६९ साली स्वतंत्र कायदा केला, अण्णासाहेब पाटलांनी त्यांची चळवळ उभी केली. त्यावर कधीतरी वेगळा भाग करायचाय.

दादरचं हिंदमाताही आहेच. साड्या, ड्रेस मटेरियल यांच्यासाठी छान, आणि उपनगरातून यायला सोपं. फक्त भर पावसात जाऊ नका. हिंदमाताला पाणी किती तुंबतं, हे मुंबईकरांना सांगायला नको.

जायचं कसं? सीएसएमटीला उतरून चालत, किंवा मस्जिद स्टेशनवरून. ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रोचं काळबादेवी स्टेशनही सुरू झालंय, ते तर भुलेश्वर आणि मुळजी जेठाला फारच जवळ. रविवारी जाऊ नका, मंगलदास बंद असतं. शनिवारी जाऊ नका असं म्हणणार नाही, पण मंगळवार-बुधवारची दुपार मिळाली तर दुकानदार तुमच्याशी दोन वाक्यं जास्त बोलतो, आणि नवशिक्याला ती दोन वाक्यंच हवी असतात.

मुंबईतच हा बाजार का?

थोडक्यात सांगते, कारण पुढे खूप काम आहे. मुंबई हे कापसाचं बंदर. १८६१ ते ६५ दरम्यान अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस थांबला आणि इंग्लंडच्या गिरण्यांनी आपल्या कापसाकडे तोंड वळवलं. इथे पैसा आला. त्याच्या थोडं आधी, १८५० च्या दशकात, इथे पहिली कापड गिरणी निघाली होतीच. मग लालबाग-परळचं गिरणगाव वाढलं आणि विक्री काळबादेवीच्या गल्ल्यांमध्ये होऊ लागली. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. दोन लाखांहून जास्त कामगार त्यात होते. त्यानंतर गिरण्या हळूहळू संपल्याच.

पण गंमत बघा, बाजार संपला नाही. आज मंगलदासमध्ये जे कापड तुम्ही हातात धरता, ते भिवंडी, इचलकरंजी, मालेगावच्या यंत्रमागांवरून, सुरतेहून, तामिळनाडूतून, राजस्थानातून येतं. मुंबईत ते आता विणलं जात नाही, फक्त विकलं जातं. गिरणीच्या जागी मॉल आला, पण तो मॉल ज्या कपड्यांनी भरलाय त्यांचं कापड अजून याच गल्ल्यांमधून फिरतं. असो.

पन्हा विचारा, मग भाव

आता कामाचं. दुकानात शिरल्यावर आपण पहिला प्रश्न काय विचारतो? "कितीला मीटर?" चुकीचा नाही, पण पहिला नको. पहिला प्रश्न, "पन्हा किती?"

पन्हा म्हणजे कापडाची रुंदी, एका किनारीपासून दुसऱ्या किनारीपर्यंत. साधारण तीन माप सारखी भेटतात: ३६ इंची, ४४ इंची आणि ५८ इंची. मीटर हे फक्त लांबीचं माप झालं. पैसे तुम्ही लांबीचे देता, पण अंगावर लांबी आणि रुंदी दोन्ही येतात.

उदाहरण घेऊ. भाव समजा मी मनाने धरलेत. एक शर्टिंग ३६ पन्ह्याचं, २०० रुपये मीटर. दुसरं ५८ पन्ह्याचं, २८० रुपये मीटर. दुसरं महाग वाटतं ना? पण पूर्ण बाह्यांच्या शर्टाला ३६ पन्ह्यात सव्वादोन मीटर लागतं, आणि ५८ पन्ह्यात एक मीटर साठ सेंटिमीटर. हिशोब करा. पहिलं ४५० रुपये, दुसरं ४४८. म्हणजे "महाग" कापड दोन रुपयांनी स्वस्तच पडलं. तब्येतीने मोठे असाल तर हे आकडे वाढतील, पण हिशोबाची रीत तीच.

आणि एक जुना शब्द, वार. आपल्या नऊवारी, सहावारीतला वार. वार म्हणजे यार्ड, ९१.४४ सेंटिमीटर. नऊ वार म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर, सहा वार म्हणजे साडेपाच मीटर. म्हणूनच साडीच्या पाकिटावर साडेपाच मीटर अधिक ८० सेंटिमीटर ब्लाऊजपीस, असं ६.३० मीटर छापलेलं असतं. मेट्रिक मापं १९५८ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली, तरी आज्या-काकवांच्या तोंडी वारच आहे. त्यामुळे आजीने "पाच वार आण" म्हटलं तर पाच मीटर आणू नका, ४ मीटर ६० सेंटिमीटर पुरतं. उलट झालं तर मात्र पंचाईत. टेलरने पाच मीटर सांगितलं आणि तुम्ही पाच वार आणलं, तर जवळपास अर्धा मीटर कमी पडेल.

मोजताना नजर पट्टीवर ठेवा. धातूच्या मीटरपट्टीवर वैधमापन खात्याचा शिक्का असतो. कापड पट्टीवर सैल पडलेलं असायला हवं. लायक्रा किंवा होजिअरीचं कापड ताणून मोजलं तर दुकानात तीन मीटर भरतं आणि घरी येऊन आक्रसतं. "काका, जरा सैल मोजा" म्हणायला लाजू नका. रोज दहा जण म्हणतात.

घागऱ्याला किती लागेल?

आता मैत्रिणीच्या घागऱ्याकडे. समजा बारा कळ्यांचा घागरा, लांबी ४० इंच, कंबर ३२. प्रत्येक कळी खाली १२ इंच रुंद. शिलाईचे दीड इंच धरले तर कळी खाली साडेतेरा इंच आणि वर चारेक इंच. खाली दुमडायला आणि वर कंबरपट्टीला धरून लांबी ४२ इंच कापायची.

४४ पन्ह्याच्या कापडावर कळ्या एक सुलटी, एक उलटी अशा लावल्या तर एका ओळीत चार आरामात बसतात. बारा कळ्या म्हणजे तीन ओळी. तीन गुणिले ४२, म्हणजे १२६ इंच, साधारण ३ मीटर २० सेंटिमीटर. साडेतीन मीटर घेतलंत की निवांत.

पण थांबा! कापडावर एकाच दिशेने जाणारी नक्षी असेल तर? म्हणजे सगळे मोर डोकं वर करून उभे आहेत, किंवा मखमल आहे, जिची लव एकाच बाजूला झुकते. मग कळी उलटी लावता येत नाही. अर्धे मोर शीर्षासनात जातील. आता एका ओळीत तीनच कळ्या बसतात, ओळी होतात चार, आणि कापड लागतं १६८ इंच, म्हणजे ४ मीटर २७ सेंटिमीटर. माप तेच, फक्त मोरांमुळे एक मीटरहून जास्त कापड वाढलं. म्हणून दुकानात कापड उलटं धरून बघा. दोन्ही बाजूंनी सारखंच दिसलं तर तुमचा एक मीटर वाचला.

ह्यासाठी घरून निघतानाच कागदावर कळ्यांचं चित्र काढून न्या. फोनमध्ये फोटोही ठेवा. आमच्या बिल्डिंगमध्ये ब्लाऊज शिवणाऱ्या काकू आहेत, त्या तर प्रत्येक गिऱ्हाइकाला मागच्या बाजूला चित्र काढलेली चिठ्ठी देतात, कुठल्या पन्ह्यात किती. त्यांची गिऱ्हाइकं कापड कमी पडलं म्हणून परत येत नाहीत.

पहिल्यांदाच घागरा शिवत असाल तर आणखी एक करा. मांजरपाट घ्या. साधं, जाडंभरडं, स्वस्त सुती कापड. त्यावर कंबर आणि दोन-चार कळ्या आधी शिवून अंगाला लावून बघा. चुकायचं ते मांजरपाटावर चुका.

हे नक्की कॉटनच आहे ना?

दुकानात सगळंच "प्युअर" असतं. तर ओळखायचं कसं?

जुनी परीक्षा म्हणजे जाळून बघणं. किनारीचे दोन-चार धागे मागून घ्या, दुकानाबाहेर किंवा घरी, पाण्याची वाटी जवळ ठेवून, चिमट्यात धरून जाळा. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही तसाच, मऊ राख उरते. पॉलिएस्टर वितळतं आणि टोकाला कडक मणी तयार होतो. खरं रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटाने चुरगळते. आता मेख कुठे आहे? रेयॉन. रेयॉन लाकडाच्या लगद्यापासून बनतं, त्यामुळे तेही कॉटनसारखंच जळतं. ते जाळून कळत नाही. धागा ओला करून ओढा. रेयॉन ओलं झालं की कमजोर होतं, पटकन तुटतं. कॉटन ओलं असताना उलट जास्त तग धरतं. आणि मिश्र धागा असेल तर राखही आणि मणीही, असा दोन्हीचा प्रकार दिसतो.

रेयॉन वाईट असं मी म्हणत नाहीये हं. छान पडतं, झुळझुळीत असतं, घेराला चांगलं. फक्त कॉटनच्या भावात घेऊ नका.

भर दुकानात करता येण्यासारखी परीक्षा म्हणजे कापड मुठीत दाबून दोन हातांनी चोळणं. पांढरी भुकटी बोटांना लागली तर खळ आहे, म्हणजे कांजी. धुतल्यावर ती जाणार आणि आत्ता भरदार वाटणारं कापड विरळ निघणार. मग ओला पांढरा रुमाल रंगावर घासा. रुमालाला रंग लागला तर तो उद्या तुमच्या पांढऱ्या अस्तरालाही लागणार. गडद लाल, गडद निळा यांच्या बाबतीत हे कराच. हळदीच्या दिवशी घाम येतो, मंडळी.

कॉटन आटतं. धुतल्यावर शेकडा तीन ते पाच टक्के आटलं तर नवल नाही, म्हणजे तीन मीटरवर दहा ते पंधरा सेंटिमीटर. म्हणून कापण्याआधी पाण्यातून काढा, सावलीत वाळवा, इस्त्री करा. आणि हे अस्तराला जास्त लागू आहे! वरचं कापड पॉलिएस्टर, ते आटणार नाही. आतलं अस्तर सुती, ते आटणार. न भिजवता शिवलं की पहिल्या धुण्यानंतर ब्लाऊज आतून ओढला जातो आणि बाहेर सुरकुत्या पडतात. मग दोष टेलरला. ब्लाऊजच्या अस्तरासाठी मॅचिंग सेंटरमध्ये "टू बाय टू" मागतात ना, त्या नावाचा अर्थ उभा आणि आडवा दोन्ही धागे दुपदरी. म्हणून ते टिकतं. पण भिजवावं तेही लागतंच.

खण, इक्कत आणि छापील नक्कल

आता आईचा ब्लाऊज. खणाची सध्या चलती आहे. पर्स खणाची, मास्क खणाचे झाले, आकाशकंदील खणाचा. मूळ खण कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा. हातमागावर विणलेला, अरुंद पन्ह्याचा, कडेला वेगळी किनार, अंगभर बारीक वेलबुट्टी, आणि ती विणलेली, छापलेली नव्हे. आपल्याकडच्या चोळ्या आणि ओटीचे खण पिढ्यान् पिढ्या त्याचे.

आज बाजारात "खण" म्हणून जे ढिगाने मिळतं, त्यातलं बरंचसं यंत्रमागावरचं पॉलिएस्टर आहे. रुंद पन्हा, चकचकीत, स्वस्त. पर्स शिवायची तर काहीच हरकत नाही. पण मे महिन्यातल्या हळदीला आईच्या अंगावर पॉलिएस्टर? बिचारी शिजेल. म्हणून पन्हा विचारा, एक धागा मागा, मागची बाजू बघा. विणलेल्या नक्षीचे धागे मागे दिसतात. आणि हातमागाचा खण अरुंद असल्यामुळे ब्लाऊजला नेहमीच्या ८० सेंटिमीटरमध्ये भागणार नाही. बाह्या लांब असतील तर कापड जास्त घ्यावं लागेल, मापानुसार टेलरला विचारून जा.

इक्कतचंही तसंच. खऱ्या इक्कतमध्ये विणण्याआधीच धागे बांधून रंगवतात. त्यामुळे नक्षीच्या कडा किंचित पसरट, पुसट असतात, आणि मागची-पुढची बाजू जवळपास सारखी दिसते. छापील इक्कतच्या कडा सुरीने कापल्यासारख्या, आणि मागची बाजू फिकी. अजरखचा ठसा हाताने मारलेला असेल तर कुठेतरी ठसा जुळताना बारीकशी चूक दिसते. ती खोट समजून भाव पाडायला जाऊ नका. सगळं अगदी एकसारखं, मागून पांढरं असेल तर ते यंत्राने छापलेलं आहे.

छापील घ्यायला बंदी नाही. मीही घेते, रोजच्या कुर्त्याला. माझा आक्षेप एवढाच आहे की भाव हातमागाचा घेऊन माल छापील देणं. त्यात तुमचे दोनशे-तीनशे जातात, पण विणकराचं आख्खं गिऱ्हाईक जातं. रेशमासाठी २००४ पासून सिल्क मार्क आहे, हातमागासाठी २००६ पासून हँडलूम मार्क. सुट्ट्या मीटरच्या कापडावर हे लेबल दर वेळी मिळेलच असं नाही. पण "हातमागाचं आहे, असं बिलावर लिहून द्याल का?" हा प्रश्न विचारा. उत्तर येण्याआधी दुकानदाराचा चेहराच बरंच सांगून जातो.

बिल म्हणजे पक्कं बिल. कापडावर ५ टक्के जीएसटी आहे, तो वाचवायला कच्च्या चिठ्ठीवर घेतलंत तर तक्रार करायला हातात काही राहत नाही. आणि बहुतेक दुकानात कापलेलं कापड परत घेत नाहीत, हे गृहीत धरूनच कात्री चालू द्या.

भुलेश्वर: लेस, बटणं आणि ९ मीटरची गोष्ट

माझं आवडतं. कापड घेतलं, आता सजावट. पण क्रम लक्षात ठेवा, आधी कापड, मग लेस. आणि कापडाची चिंधी सोबत हवी. दुकानदाराकडून मागून घ्या किंवा कोपरा कापा. फोनमधला फोटो दाखवून मॅचिंग करू नका. प्रत्येक फोनचा कॅमेरा रंग वेगळा दाखवतो, आणि ट्यूबलाइटखाली जुळलेले दोन रंग उन्हात वेगळे निघू शकतात. चिंधी आणि लेस घेऊन दुकानाच्या दाराशी या, उजेडात बघा. दुकानदार काही म्हणत नाही, त्यालाही माहीत असतं.

लेस मीटरवर मिळते, पण बऱ्याच लेसी ९ मीटरच्या गुंडाळीत येतात आणि अख्खी गुंडाळी घेतली तर मीटरमागे स्वस्त पडतात. काही दुकानं तर कापूनच देत नाहीत. आता हिशोब. घागऱ्याचा घेर म्हणजे बारा कळ्या गुणिले १२ इंच, १४४ इंच, म्हणजे ३ मीटर ६६ सेंटिमीटर. ओढणी अडीच मीटर बाय एक मीटर, चारही बाजूंनी लेस लावायची तर सात मीटर. एकूण झालं १० मीटर ६६. गुंडाळी ९ मीटरची! आता दुसरी गुंडाळी घ्यायची आणि सात मीटर घरात पडू द्यायची? त्यापेक्षा ओढणीची एक लांब बाजू, जी खांद्यामागे लपते, ती मोकळी सोडा. अडीच मीटर वाचले, आठ मीटर सोळात काम झालं, उरलेली ८४ सेंटिमीटर लेस चोळीच्या गळ्याला. हा हिशोब घरून करून गेलात तर दुकानात "अजून एक घेऊन ठेवा ना ताई" ह्याला उत्तर तयार असतं.

लेस नंतर घेईन, कमी पडली तर परत येईन, असं मात्र करू नका. पुढच्या मालात रंगाची छटा बदललेली असू शकते. कापडाचंही तेच. लागणार तेवढं एकाच ताक्यातून, एकाच दिवशी. आणि सोनेरी लेसीला पाण्याचा हात लावून बघा, काहींचा मुलामा काळा पडतो.

बटणांचं माप "लाइन"मध्ये सांगतात. ४० लाइन म्हणजे एक इंच. शर्टाचं नेहमीचं बटण १८ लाइन, म्हणजे साडेअकरा मिलिमीटरच्या आसपास. त्याहून मोठं बटण २४ लाइन, पंधरा मिलिमीटर. घाऊक दुकानात ग्रोसचा भाव सांगतील, ग्रोस म्हणजे १४४ नग. तुम्हाला सहा हवी असतील तर आधीच तसं सांगा. काज शिवून झाली असतील तर बटण बदलता येत नाही, म्हणून बटण आधी आणि काज नंतर.

चेन, म्हणजे झिप, ब्लाऊजला किंवा घागऱ्याला लावायची तर लपणारी, कन्सील चेन मागा, आणि हव्या त्या लांबीपेक्षा दोन इंच मोठी घ्या. दुकानातच दहा वेळा वर-खाली करून बघा. पाच हजारांच्या घागऱ्याची लाज दहा-वीस रुपयांच्या चेनच्या हातात असते, तिथे कंजुषी नको. नाडी, हुक, टिचबटण, कापडाच्या रंगाची दोन रिळं हेही इथेच घ्या, कारण रात्री अकराला रीळ संपतं तेव्हा एकही दुकान उघडं नसतं.

घासाघीस करायची का?

मंगलदासमध्ये बऱ्याच दुकानांचा भाव ठरलेला असतो. मीटरला दहा-वीस सुटले तर सुटले. अर्ध्याला मागायची पद्धत तिथे चालत नाही. पण तीन-चार कापडं एकाच दुकानातून घेतलीत तर बोलायला जागा असते. मी तर म्हणेन, पहिल्या तासात काहीच घेऊ नका. तीन दुकानांत तेच कापड विचारा, भाव आणि पन्हा दोन्ही फोनच्या नोट्समध्ये टिपा. फोटो काढण्याआधी विचारा, काहींना आवडत नाही, आणि त्यात चूक काही नाही. डिझाइन तास-दोन तासांत दुसरीकडे पोचतं.

यूपीआय सगळीकडे आहे, पण आतल्या गल्ल्यांत नेटवर्कने दगा दिला तर हातात थोडी रोख असू द्या. भाषा गुजराती, हिंदी, मराठी तिन्ही चालतात. मराठीत सुरुवात करा, समोरचा बहुतेक वेळा मराठीतच येतो.

आणि शेवटी त्या मैत्रिणीने मेसेजमध्ये खाली हळूच विचारलेला प्रश्न: "रेडीमेडपेक्षा हे स्वस्त पडेल ना?" खरं सांगू? कदाचित नाही पडणार. कापड, अस्तर, लेस, चेन, गाडीभाडं धरलं, तर ऑनलाइन सेलमधला घागरा तुझ्या घागऱ्याच्या आसपासच येईल, किंवा खालीच. पण त्याला आतून अस्तर कुठलं आहे हे तुला कळणार नाही, कंबर सैल झाली तर सोडायला आत शिलाई नसेल, आणि आईच्या दंडाच्या मापाचा ब्लाऊज तर रेडीमेडमध्ये मिळतच नाही, हे तूच लिहिलं आहेस. तेव्हा पाच हजारांतले पाचशे आधी बाजूला काढ, अस्तर आणि चेनसाठी. मग खण. उरलेल्यात घागऱ्याचं कापड, आणि मोर असतील तर सव्वाचार नाही, साडेचार मीटर घे.

शिवून झाला की फोटो पाठव. बाकीच्यांनो, तुमचे प्रश्न व्हॉइस नोटवर येऊ द्या. पुढच्या वेळी टेलरशी बोलायचंय: माप देताना काय सांगायचं आणि ट्रायलला काय बघायचं.